शिलकेतला दम

आमच्या खान्देशात बैल, माणूस आणि मोटार या तिघांची परीक्षा एकाच शब्दाने होते. तो शब्द म्हणजे दम. पोळ्याला बैलाच्या शिंगांना कितीही बेगड लावा, पाठीवर कितीही भारी झूल घाला. पारावरचा म्हातारा त्याच्या छातीकडे पाहून एवढेच विचारणार, ‘दम आहे का?’ नव्या जावयाच्या बाबतीत हाच प्रश्न जरा आडवळणाने विचारतात. आणि मोटारी घरोघर आल्यापासून त्यांच्याही वाट्याला तो आला आहे. रंग पाहून होतो, गाद्या चाचपून होतात, दारे उघडमीट करून होतात, आणि मग कोणीतरी म्हणतोच, ‘हे सगळं ठीक, पण घाटात दम धरते का?’

गेल्या संक्रांतीला माझा भाचा तिळगूळ द्यायला म्हणून मेहरूणला आला आणि पाया पडता पडताच म्हणाला, ‘मामा, गाडीत दम राहिला नाही.’ घरातले कोणी अंथरुणाला खिळले असावे अशी कळा त्याच्या चेहऱ्यावर होती. त्याचे कारणही तसेच होते. भाचा केळीचा व्यापार करतो. रावेर, यावल, सावदा या पट्ट्यात सकाळ-संध्याकाळ त्याचे फिरणे. गाडी डिझेलची, टर्बो लावलेली, पाच वर्षांची. अजून दोन वर्षांचे हप्ते बाकी, आणि कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून माझ्या थोरल्या बहिणीची, म्हणजे त्याच्या आईची सही. हीच गाडी ताईला चतुर्थीला पद्मालयच्या गणपतीला नेते आणि सुट्टीत सगळ्या बारदानाला घेऊन अजिंठ्याचा घाट चढते. थोडक्यात, त्याचे पोट आणि घरची माणसे एकाच चार चाकांवर आहेत.

तरी खरे शल्य वेगळेच होते. त्याच्या एका मित्राकडे हीच गाडी, याच सालची. बांभोरीजवळ गिरणेच्या पुलावर ती मागून आली आणि हातातून मासळी निसटावी तशी पुढे निघून गेली. मित्राने मोठ्या शहरात जाऊन तिचे ‘रीमॅपिंग’ करून घेतले होते. ‘मामा, इंजिनाला हात लावायचा नाही. नुसता संगणक जोडायचा, दोन तास थांबायचं, आणि तीस टक्के ताकद जास्त! कंपनी म्हणे मुद्दामच ताकद दाबून ठेवते.’

वाचकहो, त्याच्या बोलण्यातल्या तीस टक्क्यांपेक्षा त्या ‘म्हणे’कडेच माझे लक्ष गेले. कंपनी ताकद मागे ठेवते हे खरेच आहे. पण ती कंजूषपणाने ठेवते, की कोणासाठी तरी ठेवते? मी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवले. निवृत्त होऊन मेहरूणला राहायला आल्यापासून शिकवायला कोणी उरले नव्हते. भाच्याने आयता प्रश्न आणून दिला, मग मी कशाला सोडतो!

प्रथम टर्बो म्हणजे काय ते सांगायला हवे. कारण हा शब्द आता दंतमंजनाच्या जाहिरातीतसुद्धा शोभून जाईल इतका सैल झाला आहे. इंजिनात आपण जे इंधन जाळतो त्यातली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा चाकांच्या कामी येते. तितकीच पाण्यावाटे, रेडिएटरवाटे निघून जाते, आणि तितकीच धुराबरोबर सायलेन्सरमधून बाहेर पडते. आता, शिळ्या पोळीची फोडणीची पोळी करणाऱ्या आपल्या गृहिणीला हा अपव्यय कधी सहन झाला असता का? तोच विचार आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस अभियंत्याला सुचला. बाहेर पडणाऱ्या तप्त धुराच्या वाटेवर त्याने एक चक्र ठेवले. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र, ते इंजिनात जाणाऱ्या हवेच्या वाटेवर. धूर पहिले चक्र फिरवतो, दुसरे चक्र ताजी हवा दाबून आत कोंबते. हवा जास्त गेली की इंधन जास्त जाळता येते, आणि तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून जास्त काम निघते.

ब्यूखीने या कल्पनेचे पेटंट १९०५ साली घेतले. ती उपयोगाची ठरायला मात्र पुढची वीस वर्षे गेली. १९२० नंतरच्या दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांवर अशी इंजिने बसली आणि १७५० अश्वशक्तीच्या जागी २५०० अश्वशक्ती मिळू लागली. कल्पना एका कागदावर मावणारी होती. पण तिला पेलणारे पोलाद, वंगण आणि चक्रे घडवण्यात एका माणसाच्या उमेदीची वर्षे गेली. दोन तासांत तीस टक्के मिळवायला निघालेल्या माणसाने ही वीस वर्षे ध्यानात ठेवलेली बरी.

मी भाच्याला म्हटले, ‘शहरात नंतर जाऊ. आधी आपल्या चाचांना दाखव.’

मेहरूण हे एके काळी जळगावच्या शेजारचे गाव. आता शहराने ते पोटात घेतले आहे. तलाव आहे, तलावाभोवती सकाळी फिरणारी मंडळी आहेत, आणि ‘मेहरूण’ याच नावाने ओळखली जाणारी बोरेही हिवाळ्यात बाजारात दिसतात. महामार्गाच्या अंगाला गेलात की बोरांचा वास संपून डिझेलचा सुरू होतो. तिथे एका पत्र्याच्या शेडमध्ये आमचे चाचा गाड्या दुरुस्त करतात. आजूबाजूचे सगळे त्यांना चाचाच म्हणतात, आणि मी संध्याकाळचा तिथे जाऊन बसतो. यंत्र उघडे पडलेले दिसले की शिक्षकाचे पाय आपोआप तिकडे वळतात.

चाचांनी भाच्याची सगळी कैफियत ऐकून घेतली आणि म्हणाले, ‘भाऊ, नवीन मागायचं नंतर बघू. आधी जे होतं ते कुठं गेलं, ते शोधू.’

मग जे झाले ते मी एखाद्या नाडीपरीक्षेसारखे पाहत बसलो. एअर फिल्टर काढला. त्यात काळ्या मातीचा फुफाटा आणि कापसाचे तंतू यांची गोधडी तयार झाली होती. टायरमधली हवा मोजली; चारही टायरांत कमी. मागच्या एका चाकाचा ब्रेक चिकटत होता. समोर जाळीमागे इंटरकूलर असतो, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर. त्याच्या पात्यांत चिखल आणि किडे भरून वाट बुजली होती. मग चाचांनी स्कॅनर जोडला. इंजिनाचा संगणक टर्बोकडे जेवढा दाब मागत होता, तेवढा पोचत नव्हता. त्यांनी दिवा घेऊन रबरी नळी हाताने चाचपली, आणि क्लिपखालची एक चीर बोट लावून मला दाखवली. भोवती तेलाचा ओलसर डाग होता. ‘सर, टर्बो बिचारा हवा भरतोय आणि ही फुंकून टाकतेय. म्हणून तर काळा धूर.’ शेवटी त्यांनी टर्बोचा दांडा दोन बोटांत धरून हलवून पाहिला, आणि त्यात वाजवीपेक्षा जास्त खेळ नाही अशी खात्री करून घेतली.

चार दिवसांनी भाचा गाडी घेऊन गेला आणि संध्याकाळी फोनवर म्हणाला, ‘मामा, नवी घेतली होती तेव्हा अशीच पळायची!’ नळी, फिल्टर, साफसफाई, ब्रेकची दुरुस्ती आणि टायरची हवा. खर्च शहरातल्या दुकानदाराने सांगितलेल्या रकमेच्या पासंगालाही पुरला नाही. मित्राच्या गाडीशी तुलना करताना भाचा स्वतःच्या आजारी गाडीची तुलना त्याच्या सुधारलेल्या गाडीशी करत होता. असे आपण माणसांच्या बाबतीतही करतो. पण तो विषय वेगळा.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण तरुण माणसाला बरे वाटू लागले की त्याला पहिलवान व्हावेसे वाटते. आठ दिवसांनी भाचा पुन्हा हजर. ‘मामा, आता गाडी निरोगी आहे. मग आता तीस टक्के वाढवायला काय हरकत?’

प्रश्न योग्य होता आणि त्याला ‘नको’ एवढेच उत्तर देणे शिक्षकाला न शोभणारे. ताकद वाढवता येत नाही असे मुळीच नाही. आपल्या रेल्वेनेच ती वाढवली आहे. माझ्या वयाच्या मंडळींना आठवत असेल, एके काळी डिझेल इंजिन फलाटावरून सुटताना त्याच्या पोटातून शिट्टीसारखा एक चढता सूर निघे. तो टर्बोचा सूर. १९६२ पासून आपल्याकडे आलेल्या डब्ल्यूडीएम-२ जातीच्या त्या इंजिनाची ताकद २६०० अश्वशक्ती होती. पुढे १९९० नंतरच्या दशकात त्याच मूळ इंजिनातून ३१०० अश्वशक्ती काढण्यात आली. वाढ पाचशेची, म्हणजे एकोणीस टक्क्यांची. पण त्यासाठी काय काय केले ते पाहा: अधिक कार्यक्षम टर्बो बसवला, दाबलेली हवा थंड करणारा कूलर मोठा केला, इंधनाचे पंप बदलले, कॅमशाफ्ट बदलला, पिस्टनला पोलादी डोके दिले. संशोधन, चाचण्या, मग एकेक इंजिन. एकोणीस टक्क्यांसाठी एवढा खटाटोप. आणि आमच्या भाच्याला तीस टक्के हवेत ते इंजिनाला हात न लावता!

संगणक जोडून नेमके काय करतात? आजच्या इंजिनाच्या संगणकात कोष्टके असतात, आपल्या पाढ्यांसारखी. इंजिनाच्या इतक्या फेऱ्या, पायाखाली इतका दाब, हवा इतकी गरम. तर इंधन इतके, ते सोडायची वेळ ही, आणि टर्बोचा दाब इतका. रीमॅप करणारा हे आकडे बदलतो. इंधन वाढवतो, दाब वाढवतो. गाडी लगेच पळू लागते, यात फसवणूक काही नाही. पण वाढलेला दाब पिस्टनवर पडतो, हेड गॅसकेटवर पडतो. वाढलेला जोर क्लच प्लेट आणि गिअरबॉक्स यांच्यातून जातो. आणि वाढलेली उष्णता टर्बोच्या चक्रातून बाहेर पडते. संगणकातला आकडा बदलला म्हणून पोलादाची जात बदलत नाही.

आणि उष्णतेचे गणित आमच्या खान्देशाइतके कठोर क्वचितच कुठे असेल. हवा तापली की विरळ होते. पंधरा अंशांच्या हवेशी तुलना केली तर पंचेचाळीस अंशांच्या तेवढ्याच हवेत सुमारे नऊ टक्के प्राणवायू कमी. म्हणजे मे महिन्यात इंजिन श्वास घेते तोच मुळी अपुरा. शिवाय हवा दाबली की ती तापते. सायकलच्या पंपाचे टोक हाताला कसे चटकते, ते आठवा. पंचेचाळीस अंशांची हवा टर्बोने दुप्पट दाबावर नेली तर ती दीडशे अंशांच्या घरात जाते. ती थंड करायची कोणी? त्या इंटरकूलरने, आणि त्याला थंड करणारा वारा कुठला? तोच, पंचेचाळीस अंशांचा.

चाचांनी हे सगळे गणित एका वाक्यात मांडले. बोल्ट पुसता पुसता ते म्हणाले, ‘भाऊ, जानेवारीत शहरात गाडी ट्यून करणारा माणूस मे महिन्यात मेहरूणला येत नाही.’

भाचा हसला; मी हसलो नाही. कारण माझ्या मनातल्या त्या ‘म्हणे’चे उत्तर चाचांच्या या वाक्यात होते. कंपनी जी ताकद मागे ठेवते, ती कोणासाठी? ती मे महिन्यासाठी. फर्दापूर सोडल्यावरच्या चढासाठी. भरल्या गाडीसाठी, बुजत आलेल्या फिल्टरसाठी, एखाद्या पंपावरच्या भेसळीच्या डिझेलसाठी, तेल बदलायला महिनाभर उशीर करणाऱ्या मालकासाठी. पुण्याच्या वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहनसंशोधन संस्था १९६६ साली स्थापन झाली; तिथे आणि कारखान्यांच्या प्रयोगशाळांत इंजिने खोलीत बांधून तासन् तास पळवतात, ती हाच अंदाज घेण्यासाठी, की वाईटातल्या वाईट दिवशी यातले किती शिल्लक राहील. शोरूममधल्या गाडीत ही शिल्लक दिसत नाही. ती पत्रकात छापलेली नसते. म्हणून ती वापरायची राहून गेलेली ताकद आहे असे वाटते.

मला आमची आई आठवली. १९७२ च्या दुष्काळात घरात कणगीभर ज्वारी होती. पण ती बियाण्याची. आईने कणगीचे तोंड शेणामातीने लिंपून टाकले होते. आम्ही पोरे सरकारी सुकडी आणि लाल मिलोच्या भाकरी खात होतो, आणि कोपऱ्यात ती कणगी आमच्याकडे पाहत उभी. ताई तेव्हा मोठी होती, तिने एकदा विचारलेच, ‘घरात दाणा असताना उपाशी का राहायचं?’ आई म्हणाली, ‘तो दाणा आपला नाही, पुढच्या मृगाचा आहे.’ बाहेरच्याला ती कणगी पडून राहिलेले धान्य वाटली असती. घरच्यांना ठाऊक होते की ती पडून नाही, काम करते आहे.

मी हे भाच्याला सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग व्यापाऱ्याच्या हिशेबाने म्हणाला, ‘बरं मामा, पण कणगीतलं सगळंच काही बी नसतं. दोन पायल्या काढल्या तर चालतंच की.’

चालते. हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण पायल्या मोजून काढाव्या लागतात, आणि आधी कणगीत किती आहे हे ठाऊक असावे लागते. चाचा, भाचा आणि मी असे तिघे एका संध्याकाळी चहावर बसलो आणि दोन पायल्या काढायच्या तर कशा, याचा विचार केला. तोच इथे मांडतो. टर्बोची गाडी असलेल्या कोणालाही तो उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, इंजिन निरोगी असले पाहिजे. सिलिंडरांचा दाब मोजून सारखा भरला पाहिजे, तेल पिणारे किंवा पाणी उडवणारे इंजिन असेल तर विषय तिथेच मिटवावा. दुसरी, आधी थंडावा वाढवावा आणि मग ताकद: कूलंट ताजे, रेडिएटर स्वच्छ, जमल्यास इंटरकूलर मोठा. तिसरी, आंधळेपणाने काही करू नये. टर्बोचा दाब आणि बाहेर पडणाऱ्या धुराचे तापमान दाखवणारे काटे डोळ्यांसमोर हवेत. डिझेलच्या गाडीत काळा धूर ही ताकदीची खूण नव्हे. हवेपेक्षा इंधन जास्त झाल्याची आणि टर्बो भाजत असल्याची ती खूण. पेट्रोलच्या टर्बोत ऐकायचा तो ठोका: ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकते आणि पिस्टनवर हातोडी पडते. दाब वाढवायचा तर जास्त ऑक्टेनचे पेट्रोल हवे, आणि ते रोजच्या रस्त्यावर रोज मिळाले पाहिजे. चौथी, वाढ थोडी आणि टप्प्याटप्प्याने, यंत्रावर गाडी पळवून, आकडे टिपून. आणि खरी परीक्षा उन्हाळ्यात. धुरातली काजळी धरणारी जी जाळी १ एप्रिल २०२० पासूनच्या नव्या डिझेल मोटारींत असते, ती काढून टाकून ताकद मिळवणे म्हणजे आपला कचरा शेजाऱ्याच्या अंगणात टाकणे.

पाचवी गोष्ट ब्रेकची. हिला लोक विसरतात. वेग शंभराचा एकशेवीस झाला तर वाढ वीस टक्क्यांची दिसते, पण गाडीतली गतिज ऊर्जा चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढते. ती सगळी ब्रेकला जिरवावी लागते. ज्याने इंजिनावर पैसे घातले आणि टायर गुळगुळीत ठेवले, त्याने घोडा घेतला आणि लगाम विकला. सहावी गोष्ट कागदाची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीपत्रात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही; २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. शिवाय विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघाताच्या दिवशी आठवतो, आणि तो नेमका विमा कंपनीला आठवतो.

जिथे अशी काळजी मालकावर सोपवली जाते तिथे काय होते, याचा एक जुना दाखला आहे. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल कंपनीने ‘जेटफायर’ नावाची टर्बोची मोटार काढली. सर्वसाधारण गिऱ्हाइकाला मिळालेल्या पहिल्या टर्बो मोटारींपैकी ती एक. तिच्या इंजिनात ठोका बसू नये म्हणून शुद्ध पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण थोडे थोडे आत सोडले जाई. त्याची एक वेगळी टाकी होती, ती मालकाने भरायची. इंजिनीअर शहाणे होते. टाकी रिकामी झाली तर दाब आपोआप कमी होण्याची सोयही त्यांनी केली होती. पण पुष्कळ मालक टाकी भरीनात, आणि गाडीत दम नाही अशी तक्रार मात्र करीत! दोन वर्षांत ती गाडी बंद झाली आणि पुढे कंपनीनेच टर्बो काढून साधे इंजिन करून देण्याची सोय केली. यंत्र फसले नव्हते. यंत्राला लागणारी रोजची आठवण माणसाला जमली नव्हती.

भाच्याने सगळा हिशेब कागदावर मांडला. मोठा इंटरकूलर, काटे, क्लच, टायर, यंत्रावरच्या चाचण्या. बेरीज त्या दोन तासांच्या कामाच्या कितीतरी पट झाली. आणि बेरजेच्या खाली त्याने स्वतःच एक ओळ लिहिली: ‘आईची सही.’ तो कागद त्याने घडी करून खिशात ठेवला. मी काही बोललो नाही.

मग मे महिना आला. ताईच्या नणंदेकडे छत्रपती संभाजीनगरला लग्न होते. भर दुपारी आम्ही सात माणसे, तीन पेट्या आणि रुखवताचे एक खोके घेऊन निघालो. फर्दापूरच्या पुढे घाट लागला. समोर एक लादलेला ट्रक मुंगीच्या पावलाने चढत होता आणि ओलांडायला जागा नव्हती. वारा नाही, वेग नाही, आत गारव्याचे यंत्र चालू. भाचा दर वळणाला तापमानाच्या काट्याकडे पाहत होता. काटा हलला नाही. माथ्यावर आल्यावर त्याने एक लांब श्वास सोडला आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाला, ‘मामा, कणगी.’

त्याच्या मित्राची गाडी बिघडली असे सांगून मी ही गोष्ट गोड करणार नाही. ती उत्तम चालली आहे, आणि तशीच चालो. गिरणेच्या पुलावर ती अजूनही आमच्या भाच्याला मागे टाकते. पूर्वी त्याला याचे दुःख होई. आता तो हात करतो. हप्ते फिटल्यावर पुन्हा विचार करू, असे तो म्हणतो, आणि तो कागद त्याने जपून ठेवला आहे. त्या दिवशी त्याने दोन पायल्या काढल्या तर मीही चाचांच्या शेडमध्ये आकडे टिपायला बसेन.

एक बदल मात्र त्याच्या गाडीत झाला, आणि त्याला पैसा पडला नाही. टर्बोचा दांडा मिनिटाला लाख-दीड लाख फेऱ्या घेतो, तो तेलाच्या केसाहून पातळ थरावर तरंगत. गाडी जोरात पळवून आणून किल्ली फिरवली की तेल जागीच थांबते आणि तापलेल्या दांड्यावर करपते. आजच्या पुष्कळ टर्बोंना पाण्याचाही थंडावा असतो, तरी लांब पल्ल्यावरून आल्यावर इंजिन मिनिटभर संथ चालू ठेवणे केव्हाही चांगले. तसेच सकाळी सुरू केल्यावर तेल वरपर्यंत पोचेतो पाय न दाबणे. आमच्याकडची रीत याच्या नेमकी उलट. ढाबा दिसला की गाडी आत घालायची, किल्ली काढायची आणि शेवभाजीचे सांगत उतरायचे.

आता दारात गाडी आली की ताई बजावते, ‘कोणी उतरायचं नाही, तिला दम खाऊ द्या.’ त्या एका मिनिटात ती पिशव्या मोजते, नातवाच्या पायातला सुटलेला बूट शोधून घालते, आणि सुखरूप आणल्याबद्दल पद्मालयच्या दिशेने हात जोडते. या दिवाळीत माहेरवाशिणी येतील, जावई येतील, गाड्या भरभरून देवदर्शनाला निघतील. चाचांच्या शेडमध्ये धनत्रयोदशीपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नाही. बहुतेकांच्या नळ्या फाटलेल्या आणि फिल्टर बुजलेलेच निघतात. भाच्याची गाडी मात्र तिथे नाही. ती आता दारात उभी आहे, इंजिन हळू आवाजात चालू आहे, आणि आत ताईच्या पिशव्या मोजून व्हायच्या आहेत.